अर्ध्या कपाची गोष्ट: एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

मानसिक आजारातून सावरलेल्या माणसांनी इतरांना आधार देण्याविषयी मी लिहिले होते. ‘जो स्वतः गोळ्यांवर आहे तो दुसऱ्याला काय सावरणार, आणि मग डॉक्टर कशाला हवेत?’ असे आपण विचारले आहे. आपला निम्मा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो ठेच खाऊन मान्य झालेला आहे.

दादरला एका शाळेच्या वर्गात दर रविवारी आमचा स्वमदत गट भरतो. काही वर्षांपूर्वी तिथे एका जुन्या शुभार्थीने (‘रुग्ण’ हा शब्द आम्ही टाळतो) नव्याने आलेल्या एका तरुणाला, अगदी चांगल्या हेतूने, ‘मी लिथियम (मनःस्थितीचे टोकाचे चढउतार आवरणारे औषध) बंद केले, मला काही झाले नाही’ असे सांगितले. तरुणाने त्याच आठवड्यात गोळ्या सोडल्या, महिनाभरात त्याची झोप उडाली आणि शेवटी त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या रविवारी गट मी चालवत होतो आणि मी ते बोलणे मध्येच थांबवले नव्हते. आता औषधाचा विषय निघाला की तो डॉक्टरांसाठी वहीत लिहून घ्यायला सांगतो, प्रत्येकाने स्वतःपुरतेच बोलायचे हे दर वेळी बजावतो, आणि फळ्यावर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहिलेला असतो.

मात्र डॉक्टरांना पर्याय म्हणून हे काम कुणी मांडलेले नाही. लिथियमने हात थरथरतो हे डॉक्टर सांगतात, गरज पडल्यास मात्राही बदलतात. पण ऑफिसात चहा घेताना कप अर्धाच भरून घ्यावा, म्हणजे चारचौघांत सांडत नाही, हे आमच्या गटातल्या एका बँक कर्मचारी ताईंनी सांगितले. ते ऐकून त्या तरुणाची आई पहिल्यांदा हसली होती.

आधार देणाऱ्यांना प्रशिक्षण हवे, हा आपला मुद्दा रास्तच आहे. १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत संघटनेने बरोबरीच्या नात्यावर भर दिला. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने १९९९ पासून स्वतः मानसिक आजारातून सावरलेल्या प्रशिक्षित सहाय्यकांच्या कामाला सरकारी आरोग्य योजनेतून पैसे द्यायला सुरुवात केली. माझा कल या दुसऱ्या, प्रशिक्षण आणि पगाराच्या वाटेकडे आहे, जरी पगारासोबत हजेरीपट आणि अहवालही येतात आणि अहवाल लिहिणाऱ्यापुढे माणूस जरा जपूनच बोलतो.

तो तरुण गटात परत यायला चार महिने लागले. हल्ली नव्या माणसांना फळ्यावरचा क्रमांक तोच उतरवून घ्यायला लावतो.