‘चांगला कॅन्सर’ आहे, मग सपोर्ट ग्रुप कशाला?

सध्या एक मजकूर फिरतोय: ‘थायरॉईडचा कॅन्सर म्हणजे सगळ्यात चांगला कॅन्सर. गाठ काढली, आयोडीनचा एक डोस घेतला, रोज एक गोळी, विषय संपला. सपोर्ट ग्रुपच्या नादी लागू नका, तिथे नुसती भीती मिळते. डॉक्टर आणि घरचे आहेतच.’ धीर द्यायच्या हेतूने लोक तो पुढे पाठवतात. त्यातलं एकेक वाक्य तपासून पाहू.

‘सगळ्यात चांगला कॅन्सर.’ पॅपिलरी प्रकारात बरं होण्याचं प्रमाण खूप चांगलं आहे आणि बहुतेक पेशंट त्याच प्रकारचे असतात, इथपर्यंत ठीक. पण मेड्युलरी प्रकार थायरॉईडच्या सी पेशींतून होतो. त्या पेशी आयोडीन घेतच नाहीत, त्यामुळे ‘आयोडीनचा डोस’, म्हणजे उरलेल्या थायरॉईड पेशी मारणारं किरणोत्सारी आयोडीन, तिथे निरुपयोगी. पाठपुरावा कॅल्सिटोनिन आणि सीईए या रक्ताच्या तपासण्यांवर चालतो, आणि आरईटी जनुकात दोष सापडला तर घरच्यांचीही तपासणी करावी लागते. अ‍ॅनाप्लास्टिक प्रकार तर निदान होतानाच चौथ्या टप्प्यात धरला जातो. या पेशंटना ‘चांगला कॅन्सर’ ऐकवणं म्हणजे जखमेवर मीठ. पॅपिलरीवाल्यांचंही नुकसान होतंच: थकवा, घोगरा आवाज, उदासी यांची तक्रार करायचीच लाज वाटायला लागते.

‘एक डोस घेतला की संपलं.’ डोसच्या आधीचे आठवडे जास्त कठीण असतात. टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारा हार्मोन) ३० च्या वर न्यायचा म्हणून बऱ्याचदा थायरॉक्सिन, म्हणजे ती रोजची हार्मोनची गोळी, तीन-चार आठवडे बंद ठेवतात (दुसरा मार्ग लागोपाठ दोन दिवस घ्यायच्या इंजेक्शनांचा, पण तो महाग). तिसऱ्या आठवड्यात थंडी वाजते, पोट साफ होत नाही, अंगावर सूज येते, वाचलेलं डोक्यात शिरत नाही. म्हणूनच, यातून गेलेला, बोलायला माणूस शोधायचा तर गोळी बंद होण्याआधी शोधा. नंतर फोन उचलायचंही त्राण राहत नाही.

त्यातच एक-दोन आठवडे कमी आयोडीनचा आहार: दिवसाला ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी. घरचं नेहमीचं मीठ बंद, म्हणजे त्याच मिठातलं लोणचं, पापड, फरसाणही बंद. मासे, सुकट, दूध, दही, अंड्याचा बलक, बेकरीचा माल, बाहेरचं खाणं बंद. भात, भाकरी, डाळी, भाज्या, फळं चालतात, पण मीठ आयोडीनविरहित हवं. ‘सैंधव चालतं’ हा सल्ला सर्रास मिळतो आणि इथेच घोळ होतो, कारण पाकिटातल्या सैंधवातही आयोडीन मिसळलेलं असू शकतं. लेबल वाचा, खात्री नसेल तर न्यूक्लिअर मेडिसिन विभागात (जिथे हा डोस देतात) विचारा. आयोडीनविरहित मीठ कुठल्या दुकानात मिळतं, डब्यात काय न्यायचं, हे मात्र गेल्या महिन्यात त्यातून गेलेला माणूसच सांगू शकतो.

‘डॉक्टर आहेतच.’ आहेत, आणि डोस त्यांनीच ठरवायचा. पण ओपीडीत मिळणाऱ्या मोजक्या मिनिटांत काही गोष्टी राहतात. उदाहरणार्थ, पहाटे उपाशीपोटी थायरॉक्सिन, चहा त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने, आणि ऑपरेशननंतर सुरू झालेलं कॅल्शियम चार तासांनी. दोन्ही एकत्र घेतलं तर थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही, टीएसएच चढतो आणि डोस विनाकारण वाढवला जातो.

नेहमी घडणारा आणखी एक प्रकार. धोका जास्त असलेल्या पेशंटचा टीएसएच मुद्दाम ०.१ च्या खाली ठेवलेला असतो. रिपोर्टवर ०.०८ च्या शेजारी खाली तोंड केलेला बाण दिसतो, गावातले डॉक्टर चांगल्या मनाने गोळी १२५ वरून १०० वर आणतात आणि सहा आठवड्यांनी सगळं बिघडतं. उपाय साधा आहे: तज्ज्ञाकडून ‘टीएसएच किती ठेवायचा’ हे कागदावर लिहून घ्या आणि तो कागद फाईलच्या पहिल्या पानावर लावा. अशा युक्त्या एका पेशंटकडूनच दुसऱ्याला कळतात.

‘घरचे आहेतच.’ घरचे जेवण आणि औषधं बघतात. पण डोसनंतर काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बाईपासून अंतर ठेवायचं, वेगळं झोपायचं. डोसमधलं किरणोत्सारी आयोडीन-१३१ निम्मं व्हायला आठ दिवस लागतात (अर्धायुकाल). नेमकं तेव्हा घरचेच लांब असतात. शेजारच्या काकू म्हणतात, ‘मलापण थायरॉईड आहे गं, काही होत नाही.’ त्यांना हायपोथायरॉईड आहे, म्हणजे ग्रंथी कमी काम करते. गोष्टच वेगळी.

यावरूनच निघतो ‘तिथे नुसती भीती मिळते’ हा मुद्दा. तो निम्मा खरा आहे. चुकीच्या ग्रुपमध्ये भीती मिळते, आणि ‘थायरॉईड’ नावाचे बहुतेक ग्रुप हायपोथायरॉईडवाल्यांचे असतात. म्हणून सोबती निवडताना आधी चार प्रश्न विचारा. प्रकार कोणता? ग्रंथी पूर्ण काढली की अर्धी? गोळी बंद ठेवली होती की इंजेक्शन घेतलं? आणि उपचार कोणत्या साली झाले? शेवटचा प्रश्न लोक विसरतात. पूर्वी आयोडीनचा १०० मिलिक्युरी (किरणोत्साराचं माप) डोस सहज द्यायचे. आज तशाच कमी धोक्याच्या पेशंटला ३० देतात किंवा काहीच देत नाहीत. पंधरा वर्षांपूर्वीचा अनुभव खरा असला तरी तो तुमचा असेलच असं नाही.

शोधायचं कुठे? सुरुवात हॉस्पिटलच्या वैद्यकीय समाजसेवा विभागातून करा. ‘माझ्याच प्रकारचा, वर्षभरात डोस झालेला पेशंट बोलायला तयार असेल तर माझा नंबर त्याला द्या,’ असं सांगा. त्याचा नंबर मागू नका. मुंबईत व्ही केअर फाउंडेशन कॅन्सर पेशंटना आधार देण्याचं काम करते. इंग्रजी चालत असेल तर अमेरिकेतली ‘थायका’ ही फक्त थायरॉईड कॅन्सरची संस्था आहे; मेड्युलरी, अ‍ॅनाप्लास्टिकसाठी तिचे वेगळे गट आहेत आणि कमी आयोडीनच्या पाककृतींचं पुस्तक मोफत मिळतं. मेड्युलरीवाल्यांना आपल्या शहरात जोडीदार मिळणं अवघड, त्यांनी सरळ तिथून सुरुवात केलेली बरी.

ग्रुपमध्ये काय विचारू नये, हेही ठरवून ठेवा. गोळीचा डोस विचारू नका. ‘माझं थायरोग्लोब्युलिन ०.४, तुझं किती?’ (पाठपुराव्यात रक्तात मोजतात ते थायरॉईडचं प्रथिन) ही तुलना फोल आहे, कारण लॅब बदलली की आकडा बदलतो आणि अँटिबॉडी असतील तर तो फसवाही असतो. नाव दिसणारा रिपोर्ट टाकू नका. ओठांभोवती मुंग्या, बोटांत गोळे ही कॅल्शियम उतरल्याची लक्षणं आहेत. ग्रुपवर विचारत बसू नका, वॉर्डला फोन लावा. ऑपरेशननंतर गळा सुजून श्वास लागला तर थेट कॅज्युअल्टी.

आणि ‘गोळी सोडा, काढा घ्या, थायरॉईड मुळापासून बरा’ असं कोणी लिहिलं, तर त्याच्याशी वाद न घालता ग्रुप सोडा. ज्याची ग्रंथीच काढून टाकलेली आहे, त्याच्या अंगात हार्मोन त्या गोळीतूनच येतो.