पाच वर्षं, त्यापुढे एक दिवसही नाही

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतलं ड्रेनेज अकरा दिवस तुंबलं होतं. बाबा असते तर सकाळी सातला नगरसेवकाच्या दारात जाऊन उभे राहिले असते, चार शब्द सुनावले असते आणि दुपारपर्यंत गाडी आली असती. मी कुणाच्या दारात जाणार? शहरात नगरसेवकच नव्हते. वॉर्ड ऑफिसात सांगितलं, "ॲपवर तक्रार टाका, ताई." तीनदा टाकली होती. तक्रार निकाली निघाल्याचा मेसेजही आला होता. पाणी मात्र दारातच.

राज्यघटना म्हटलं की आपण मूलभूत हक्कांबद्दल आणि उद्देशिकेबद्दल बोलतो. बोललंच पाहिजे. पण खुर्चीवर कोण किती दिवस बसेल आणि कुणाला विचारून पैसा खर्च करेल, हेही त्याच घटनेत लिहिलंय, आणि त्याकडे आपलं लक्ष जात नाही. शहरांच्या पालिकांना घटनेत स्थान देणारी ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजी लागू झाली. तिच्यातला अनुच्छेद २४३ यू सांगतो की पालिकेची मुदत पाच वर्षं, अधिक नाही, आणि ती संपायच्या आत पुढची निवडणूक उरकलेली हवी. अहमदाबाद महापालिकेच्या निवडणुकीच्या प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं होतं.

आता आपल्याकडे काय झालं बघा. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. छत्रपती संभाजीनगर आणि नवी मुंबईत तर २०२० पासून प्रशासक, म्हणजे नगरसेवकांच्या जागी सरकारने बसवलेला अधिकारी, कारभार बघत होता. आधी कोरोना आला. मग ओबीसी आरक्षणाचा खटला, आणि तो प्रश्न खरा होता. ज्यांचा वाटा आहे त्यांना तो मिळालाच पाहिजे. पण मुंबईतल्या जागा एका सरकारने २२७ वरून २३६ केल्या, दुसऱ्याने परत २२७ केल्या, आणि प्रत्येक बदलामागून कोर्टकचेरी. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला, तेव्हा कुठे यंत्रणा हलली. तीही कोर्टाकडून मुदत वाढवून घेऊनच.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते अंदाजपत्रक. एरवी आयुक्त ते नगरसेवकांच्या स्थायी समितीपुढे मांडतात, समिती कापाकापी करते, मग सगळ्या नगरसेवकांच्या महासभेत त्यावर भांडण होतं. पैसे मागणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, ही लोकशाहीची मूळ रचना आहे. केंद्रात संसदेच्या मंजुरीशिवाय संचित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, एक रुपया निघत नाही, तेही याच तत्त्वाने. प्रशासकाच्या काळात मात्र मागणारा तोच आणि मंजूर करणाराही तोच. मुंबईचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४ हजार कोटींच्या वर होतं. एवढा पैसा निवडून आलेल्या एकाही माणसाने हात वर न करता मंजूर झाला.

"अधिकारीच बरे, नगरसेवक टक्केवारी खातात," असं माझ्या ओळखीचे कितीतरी लोक म्हणतात. टक्केवारी मीही पाहिली आहे, तिचं समर्थन मी करणार नाही. पण नगरसेवकाला पाच वर्षांनी माझ्या दारात हात जोडून यावं लागतं. प्रशासकाची बदली मंत्रालयातून होते, त्यामुळे त्याचं तोंड कायम मंत्रालयाकडे. तो कितीही कर्तबगार आणि प्रामाणिक असला तरी माझ्या गल्लीचं मत त्याच्या खुर्चीला हलवू शकत नाही.

मुदत लांबवण्याचा प्रकार देशाने आधीही पाहिलाय. आणीबाणीत लोकसभेची मुदत वाढवली गेली, ४२व्या दुरुस्तीने ती सहा वर्षांची केली, आणि ४४व्या दुरुस्तीने १९७८ मध्ये पुन्हा पाचवर आणली. त्या वेळी लोक चिडले होते. पालिकांच्या चार वर्षांबद्दल किती जण चिडले? आपण ॲपवर तक्रारी टाकत बसलो, मीसुद्धा.

आता आमच्या प्रभागात नगरसेविका निवडून आल्या आहेत. मी त्यांना मत दिलं नव्हतं. तरीही परवा सकाळी सातला त्यांच्या दारात गेले, ड्रेनेजचा अर्ज दिला आणि पोच घेतली. अंदाजपत्रकाच्या महासभेची तारीख विचारली आहे. प्रेक्षक गॅलरीत जाऊन बसणार आहे. आमच्या भागातल्या कुणाला यायचं असेल तर कमेंटमध्ये सांगा, सोबत जाऊ.