'मुलींना शाळेत खेळवून काय मिळतं?' या फॉरवर्डला माझं उत्तर

गेले चार दिवस आमच्या तीन ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. वर 'पालकांनो, वेळीच जागे व्हा' आणि खाली पाच मुद्दे: मुलींना मुळात खेळाची आवड नसते, धावल्याने-उड्या मारल्याने गर्भाशयाला धोका, अभ्यास बुडतो, उन्हात काळवंडल्या की लग्नाला अडचण, आणि शेवटी ऑलिम्पिकला जातात कितीजणी, तेव्हा आठवीनंतर मुलींचा पीटीचा तास बंद करून तिथे गणित-सायन्स घ्या. खाली अंगठे, हात जोडलेले, त्यात माझ्या नात्यातल्या बायकाही आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय, लांबलं तरी वाचा.

पहिला, आवड नसते. अमेरिकेत १९७२ साली कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांनी मुलगी म्हणून कुणाला डावलायचं नाही, खेळातसुद्धा. त्याआधीच्या वर्षी तिथल्या हायस्कूलच्या टीममध्ये खेळणाऱ्या मुली तीन लाखांच्याही आत होत्या, आज तीस लाखांच्या वर आहेत. आता ती आवड काय रातोरात आकाशातून पडली का? टीम मिळाली, मैदान मिळालं, सर-मॅडम मिळाल्या, मुली आल्या. आपल्याकडे शाळेत टॉयलेटला पाणी नाही, कपडे बदलायला खोली नाही, मैदानाच्या कडेला मुलं कमेंट मारत उभी, आणि मग एखादी पोरगी पोट दुखतंय सांगून कट्ट्यावर बसली की आपण म्हणतो बघा, हिला आवड नाही.

दुसरा मुद्दा गर्भाशयाचा, आणि याचा मला खरंच राग येतो कारण ही भीती शंभर वर्षं जुनी आहे आणि शंभर वर्षं खोटीच ठरतेय. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये बायका पहिल्यांदा ८०० मीटर धावल्या, फायनलच्या नऊच्या नऊ जणींनी शर्यत पूर्ण केली, जिंकणारीने वर्ल्ड रेकॉर्ड केला, तरी पेपरांनी छापलं की बायका पटापट कोसळल्या, आणि तेवढ्यावरून ती शर्यत थेट १९६० पर्यंत बंद. मॅरेथॉनला तर १९८४ उजाडावं लागलं. बॉक्सर मेरी कोमने जुळी मुलं झाल्यावर २००८ ला वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली, २०१८ ला सहाव्यांदा जिंकली. गर्भाशय ओटीपोटात स्नायूंनी आणि बंधांनी धरलेलं असतं, खो-खो खेळून ते सरकत नाही. पाळीत ज्या दिवशी दुखतंय त्या दिवशी बसू दे की तिला, पण ते तिने ठरवायचं. हां, एक खरं आहे, सराव खूप आणि खाणं कमी असं झालं तर पाळी लांबते, बंदही होते, पण त्याला उपाय पोटभर जेवण आणि डॉक्टर, मैदान बंद करणं नाही. आणि हाडं भक्कम होण्याचं वय हेच असतं, धावण्या-उड्यांनीच ती भरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या आकड्यांनुसार जगातल्या ११ ते १७ वयाच्या ८५ टक्के मुलींची पुरेशी हालचाल होत नाही, मुलांचं हेच प्रमाण ७८ टक्के. आणि आपण त्यातला उरलेला तासही काढायला निघालोय.

अभ्यास बुडतो म्हणे. आठवड्यातल्या दोन-तीन तासांनी? मोबाइलवर किती जातात ते मोजा आधी.

काळवंडण्यावर एवढंच सांगते, जे घर पोरीचा रंग बघून नाही म्हणतं त्या घरात माझी मुलगी मला द्यायचीच नाहीये.

आता शेवटचा, ऑलिम्पिकला किती जातात. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर गेली, २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलला धावली, दहावी आली. नाशिककडच्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या कॉमनवेल्थमध्ये १० हजार मीटरला ब्राँझ आणलं. २०२५ च्या जानेवारीत खो-खोचा पहिला वर्ल्डकप आपल्या मुलींनी जिंकला, कॅप्टन आपली प्रियांका इंगळे. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे तेही आहेच. पण खरं सांगू, हे सगळं नसतं तरी मी हेच लिहिलं असतं.

कारण मी स्वतः शाळेत फक्त तालुक्यापर्यंत खेळले, पुढे काही नाही. शनिवारी सकाळी फक्कीने आखलेलं मैदान, आठजणी एकाआड एक तोंड करून बसलेल्या, मागून पाठीवर थाप आणि 'खो' पडला की अर्ध्या सेकंदात ठरवायचं डावीकडे का उजवीकडे, कारण एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे फिरता येत नाही. आणि 'खो' मोठ्यांदा ओरडावा लागायचा. घरात दिवसभर हळू बोल, हळू हस ऐकणारी मी, इथे आवाज बारीक निघाला तर पंच फाउल द्यायचे! चुकलं की सगळ्यांसमोर मैत्रिणी ओरडायच्या आणि पुढच्या क्षणी परत पळायचं, रुसायला वेळच नाही. दहावी झाली आणि ते संपलं. माझा भाऊ संध्याकाळी गावाबाहेरच्या मैदानावर जातच राहिला, नोकरी लागली तरी रविवारी क्रिकेट. आम्हा बहिणींना शाळेचं मैदान सुटल्यावर दुसरं मैदानच नव्हतं, आजही बहुतेक गावांत नाहीये. मुलाचा पीटीचा तास गेला तर तो संध्याकाळी खेळेल, मुलीचा गेला तर तिचं पळणंच गेलं.

माझ्या मुलीच्या शाळेत नववीच्या मुलींचा तो तास दिवाळीनंतर गणिताला दिलाय, मुलांचा तसाच आहे. शनिवारी पालकसभा आहे, मी तो तास परत मागणार आहे, ज्यांच्या मुली त्या वर्गात आहेत त्यांनी दहा वाजता गेटपाशी भेटा, एकटीचं कुणी ऐकत नाही.