विहिरीत 2560 फूट पाणी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या दोन खोल्यांत बसून मी विहिरीची पातळी मोजणारं यंत्र बनवतो. यंत्राचं काम एवढंच, की दर 15 मिनिटांनी सर्व्हरला 12 बाइटांचा निरोप धाडायचा. त्यात गावाचं नावही घालणार होतो, पण यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत मराठी अक्षराला तीन बाइट, काना-मात्रेला वेगळे तीन. नुसतं 'बेळगाव' म्हटलं तरी 18 झाले. कन्नडलाही हाच दर आहे. सीमाभागात समान न्याय मिळाला तो एवढाच.

पहिलं यंत्र खानापूरकडच्या एका मामांच्या विहिरीवर बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन.

"काय वो, माझ्या विहिरीत 2560 फूट पाणी दाखवायलंय की!"

पाणी होतं 10 फूट. मी लॅपटॉप उघडून निरोप बाइट-बाइट वाचला. पातळीच्या जागी '0ए 00'. संगणकाच्या सोळाच्या मोजणीत 0ए म्हणजे 10. बरोबर! माझी चिप लहान स्थानाचा, म्हणजे एककाच्या बाजूचा बाइट आधी ठेवते, मीही तसाच पाठवला. सर्व्हर मात्र मोठ्या स्थानाचा आधी समजून वाचत होता. त्या स्थानाची किंमत 256 पट, म्हणून 10 चे 2560. वाटेत बाइट बिघडले का हे तपासणाऱ्या सीआरसीनेही सगळं ठीक असल्याचा निर्वाळा दिला होता. त्याचं तरी काय चुकलं? निघालेले बाइट जसेच्या तसे पोचले होते.

सर्व्हर लिहिणारा माझा सोबती कन्नडभाषक. तो म्हणाला, "एनरी, मोठं आधीच येणार की! पंचवीसला आम्ही इप्पत्तैदु म्हणतो. आधी वीस, मग पाच. तुम्ही आधी पाच, मग वीस. तुमची भाषाच उलटी."

मी ताठ झालो. पण 'एकशे पंचवीस' म्हणून पाहिलं आणि गप्प बसलो. आधी शंभर, मग पाच, मग वीस! पीडीपी-11 नावाचा जुना संगणक 32 बिटांचा आकडा असाच मधूनच उलटा ठेवायचा. त्यालाही लोक नावं ठेवत.

या भांडणावर डॅनी कोहेन या संगणकतज्ज्ञाने 1980 सालीच, तेही 1 एप्रिलला, लिहून ठेवलंय. मोठं आधी की लहान आधी यापेक्षा सगळ्यांनी एकच क्रम पाळणं महत्त्वाचं, असं त्याचं म्हणणं. बेळगावात बसून हे वाचताना घसा जरा कोरडा पडतो. आमच्याकडे 1956 पासून कोण कुणाकडे यावरच चाललंय.

शेवटी इंटरनेटचा रिवाज मोठं आधीचा, म्हणून मीच माघार घेतली. ठरलेला क्रम कागदावर ठळक लिहिला, सोबत्याला चहा पाजला, कोडमध्ये दोन बाइटांची अदलाबदल केली आणि मामांना फोन लावला.

"मामा, झालं दुरुस्त. आता 10 फूट दाखवेल."

पलीकडे बराच वेळ शांतता.

"दहाच? अहो, काल सगळ्या गल्लीला मोबाइल दाखवून सोडलोय की मी! ते आधीचंच राहू दे."