मोर्स गेलं म्हणून हॅम रेडिओत शिकण्यासारखं काही उरलं नाही?

हॅम रेडिओ, म्हणजे लायसन्स घेऊन छंद म्हणून चालवायचा वायरलेस. त्याच्याबद्दलचा एक मजकूर ग्रुपाग्रुपांतून फिरतो आहे. थोडक्यात म्हणणं असं: लायसन्सच्या परीक्षेतली मोर्सची (टिंब-रेघांच्या सांकेतिक भाषेची) अट निघाल्यापासून दर्जा गेला, ज्याला इलेक्ट्रॉनिक्स किंवा प्रोग्रामिंग येतं त्याने यात यावं असं काही राहिलं नाही, मोबाइल असताना याची गरज काय, आणि मराठवाड्यात रिपीटर (सिग्नल उचलून पुन्हा पुढे पाठवणारं केंद्र) जवळ नसेल तर सेट घेऊन करायचं काय. एकेक मुद्दा घेऊ.

‘मोर्स गेलं, दर्जा गेला.’ २००३ साली जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेने मोर्सची परीक्षा ठेवायची की नाही हे ज्या-त्या देशावर सोपवलं. अमेरिकेने २००७ मध्ये ती पूर्ण काढली. आपल्याकडे रिस्ट्रिक्टेड ग्रेडला, म्हणजे लायसन्सच्या खालच्या श्रेणीला, मोर्स नाही. रेडिओचा सिद्धांत आणि नियम या दोन भागांचा लेखी पेपर आहे. मोर्सची चाचणी कानाची आणि सरावाची होती. उमेदवाराला इंपीडन्स (सर्किटचा एसी सिग्नलला होणारा विरोध) समजला आहे का, हे तिने कधीच तपासलं नाही. मोर्स आवडतं त्यांना बँड (हॅमसाठी राखलेले फ्रिक्वेन्सीचे पट्टे) आजही मोकळाच आहे.

‘इंजिनिअरला यात काय मिळणार?’ हा मुद्दा सगळ्यात चुकीचा आहे. एफटी८ घ्या, म्हणजे संगणकाने पाठवायचे आणि वाचायचे छोटे डिजिटल संदेश. १५ सेकंदांचे ठोकळे, ८ सूर, त्यांच्यातलं अंतर ६.२५ हर्ट्झ, सगळा सिग्नल ५० हर्ट्झमध्ये. अडीच किलोहर्ट्झ पट्ट्यातल्या नॉइजच्या २० डेसिबल खाली, म्हणजे शंभराव्या भागाइतका सिग्नलही त्यातून वाचता येतो. एरर करेक्शन शिकलेल्या माणसाला इथे पुस्तकातली गोष्ट कामाला लागलेली दिसते. एकच पथ्य: संगणकाचं घड्याळ दोन-अडीच सेकंदांहून जास्त चुकलं की धबधब्यावर (स्क्रीनवर खाली सरकणाऱ्या सिग्नलच्या चित्रात) सिग्नल दिसतात, पण एकही ओळ डिकोड होत नाही.

याहून चांगलं काम म्हणजे क्यूओ-१००. एसहेल-२ या भूस्थिर उपग्रहावरचा हा हॅम ट्रान्सपॉन्डर (सिग्नल घेऊन परत खाली पाठवणारं यंत्र) २५.९ अंश पूर्वेला आहे आणि मराठवाडा त्याच्या टप्प्यात येतो. नुसतं ऐकायला ६० सेंटिमीटरची ऑफसेट डीटीएच डिश, युनिव्हर्सल पीएलएल एलएनबी (डिशच्या तोंडाशी बसणारा, फ्रिक्वेन्सी स्थिर ठेवणारा रिसीव्हर), बायस-टी (केबलमधूनच एलएनबीला वीज देणारा जोड) आणि आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला लावायचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर) पुरतं. छत्रपती संभाजीनगरहून दिशा सुमारे २५४ अंश, म्हणजे पश्चिम-नैऋत्य, आणि उंची ३० अंश. ऑफसेट डिश (जिचा एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो) असल्यामुळे तिचा चेहरा जवळजवळ उभा दिसतो. आकाशाकडे बघणारी डिश लावली की काही मिळत नाही आणि दोष डोंगलला जातो. एलएनबीला १३ व्होल्ट द्या, म्हणजे व्हर्टिकल पोलरायझेशन निवडलं जातं. बायस-टीची बाजू उलटी झाली तर ते व्होल्टेज डोंगलमध्ये जाऊन डोंगल जळतं. एलएनबीच्या आतल्या लोकल ऑसिलेटरची ९७५० मेगाहर्ट्झ फ्रिक्वेन्सी वजा केली की १०४८९.७५० मेगाहर्ट्झचा मधला बीकन (उपग्रहाचा सतत चालू असलेला खुणेचा सिग्नल) ७३९.७५० मेगाहर्ट्झवर येतो. उपग्रह आपल्या खूप पश्चिमेला असल्याने एलएनबी सुमारे ६५ अंश फिरवावा लागतो. सरळच ठेवला तर सात-साडेसात डेसिबल हातचे जातात. जुना डीआरओ एलएनबी (ज्याची फ्रिक्वेन्सी क्रिस्टलला बांधलेली नसते) वापरू नका. उन्हाने तो शेकडो किलोहर्ट्झ सरकतो, आणि इथला एसएसबी (आवाजाचा) सिग्नल जेमतेम २.७ किलोहर्ट्झ रुंद असतो.

‘मोबाइल आहे की.’ ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३:५६ ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा हॅम ऑपरेटरांनी तिथून संपर्क चालवला होता. मोबाइलच्या टॉवरलाही वीज आणि फायबर लागतं. एवढं पुरे.

‘रिपीटर नाही, मग काय उपयोग?’ व्हीएचएफपुरतं, म्हणजे जवळजवळ सरळ रेषेत जाणाऱ्या लहरींपुरतं, यात तथ्य आहे. दोन्हीकडे १० मीटर उंचीचा अँटेना धरला तर सपाट रानात पल्ला साधारण २६ किलोमीटर. लातूरहून नांदेड त्यात बसत नाही. पण ४० मीटर बँडवर (सुमारे ७ मेगाहर्ट्झ) कमी उंचीवर बांधलेला डायपोल (दोन हातांचा तारेचा अँटेना) सिग्नल सरळ वर फेकतो आणि तो आयनोस्फिअरवरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परतून भोवतालच्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये उतरतो. दिवसा लातूर, बीड, परभणी, संभाजीनगर रिपीटरशिवाय एकमेकांना ऐकू शकतात. रात्री परतणं बंद पडलं तर ८० मीटरवर जा.

७.१ मेगाहर्ट्झसाठी डायपोलचे दोन्ही हात प्रत्येकी सुमारे १० मीटरचे होतात. प्रत्येक हाताची तार १०.३ मीटर कापा, ६ ते ८ मीटर उंचीवर चढवा, नॅनोव्हीएनएवर (अँटेना कुठल्या फ्रिक्वेन्सीला जुळतो ते दाखवणारं छोटं उपकरण) बघत खुडत जा. दोन्ही टोकांचा एकेक सेंटिमीटर गेला की रेझोनन्स (अँटेना जुळतो ती फ्रिक्वेन्सी) सुमारे ७ किलोहर्ट्झ वर सरकतो. मधोमध १:१ चोक बलून (केबलच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवणारा जोड) हवाच. तो नसेल तर कोॲक्स केबलची बाहेरची जाळीच अँटेना होते आणि ट्रान्समिट करताना लॅपटॉपचा यूएसबी संपर्क तुटतो. ट्रान्समिट अर्थातच लायसन्स हातात आल्यावर, त्यावरच्या बँड आणि पॉवरच्या मर्यादेत.

त्या मजकुरातली एक गोष्ट मात्र मान्य: अट गेली म्हणून जाणती माणसं आपोआप येत नाहीत. संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्रा एमआयडीसीत रोज पीएलसी आणि ड्राइव्ह (यंत्रं चालवणारे कंट्रोलर) हाताळणाऱ्याला मायक्रोफोन देऊन ‘बोला’ म्हटलं तर तो दुसऱ्यांदा येणार नाही. त्याला नॉइज (सेटवरची खरखर) कुठून येतो ते शोधायला द्या. सेट १२ व्होल्ट बॅटरीवर चालवा, घराचा मेन स्विच बंद करा. नॉइज कमी झाला तर दोष घरात. मग एकेक एमसीबी चालू करत एलईडी दिवा, चार्जर, इन्व्हर्टर पकडा. कमी झाला नाही तर बॅटरीवरचा सेट घेऊन बाहेर फिरा: सोलर पंपाचा कंट्रोलर असेल तर नॉइज ऊन उतरताच थांबतो, आणि सैल इन्सुलेटरचा खांब असेल तर पहिल्या पावसात आवाज बदलतो.