पावशेराचं लोखंडी वजन आणि अडीच लाख किलो

नमस्कार. ‘1958 साली मेट्रिक वजनं आली, विषय मिटला. आता पोरांच्या डोक्यात शेर-छटाक कोंबणं म्हणजे निव्वळ घोकंपट्टी. आणि तोळा 11.66 ग्रॅमचा कसला, सराफ सरळ 10 धरतो,’ असं तुम्ही माझ्या जुन्या वजनांवरच्या लेखाबद्दल लिहिलंय. त्यातलं मण-खंडी या मोठ्या वजनांचं कोष्टकही नको, म्हणालात. जरा झोंबलं, खोटं कशाला सांगू!

आधी तोळा. आजच्या खरेदीत तो 10 ग्रॅमचा, मान्य. पण आजीच्या जुन्या चिठ्ठीत ‘पाटल्या साडेतीन तोळे’ असेल, तर त्या 35 ग्रॅमच्या नाहीत, जवळजवळ 41 ग्रॅमच्या आहेत. सहा ग्रॅम सोन्याचे आजच्या भावाने किती होतात, ते तुम्हीच बघा.

आता घोकंपट्टी. भाचीला विचारलं, 250 ग्रॅम म्हणजे किती किलो? तिने बेधडक अडीच लाख लिहिले. ‘तीन शून्यं द्यायची ना, मामा?’ किलो-ग्रॅममध्ये पोरं शून्यांवर निभावून नेतात. गुणायचं का आणि भागायचं का, हे कळलंय की नाही, पत्ताच लागत नाही.

म्हणून माळ्यावरून आजोबांच्या दुकानातलं पावशेराचं लोखंडी वजन काढलं. एका पारड्यात ते, दुसऱ्यात ग्रॅमची वजनं. 200 ठेवलं, कमी पडलं. 50 टाकलं, पारडं धाडकन खाली. ते काढून 20 नि 10, तरी किंचित वरच. शेवटी तिने खिशातला रुपया टाकला आणि काटा मधोमध आला. म्हणजे 233 ग्रॅमच्या आसपास. वाण्याकडून आपण ‘पावशेर’ म्हणून आणतो ते मात्र 250!

पुढचं तिनेच सोडवलं. पावशेरात 20 तोळे, मग अच्छेरात 40, शेरात 80. उलट उतरलं की नवटाकात 10, छटाकात 5. इथे शून्य लावून सुटका नाही. पूर्वीचा चांदीचा रुपयाच तोळाभर वजनाचा असायचा, म्हणून 80 रुपये भार म्हणजे शेर, असं सांगितल्यावर तिने हातातला पावणेचार ग्रॅमचा रुपया असा काही न्याहाळला! मग स्वतःच अडीच लाखांवर काट मारली. ‘किलो मोठा, मग आकडा छोटाच यायला हवा ना?’

मण-खंडीच्या कोष्टकाबद्दल मात्र तुमचं खरं आहे. मुंबईचा जुना मण 12-13 किलोंचा, बंगाली 37 च्या वर. आणि दोन्ही तराजूत घालून दाखवता येत नाहीत. ते लेखातून काढून टाकतोय.