समाजशास्त्राच्या पहिल्या चार प्रकरणांचे घरगुती उपयोग

समाजशास्त्राचे पुस्तक शेवटपर्यंत वाचले पाहिजे असा आग्रह धरणारी माणसे एक तर परीक्षा देणारी असतात किंवा घेणारी. तुमचा हेतू त्याहून साधा असेल, म्हणजे घरात आज जे जसे चालले आहे ते तसेच विनातक्रार चालू राहावे आणि आपल्याला खुर्चीतून उठावे लागू नये एवढाच असेल, तर पहिली चार प्रकरणे पुष्कळ झाली. समाजरचना, दर्जा, भूमिका आणि सामाजीकरण हे चार शब्द नीट उच्चारता आले की कोणत्याही घरगुती कुरबुरीला शास्त्रीय उत्तर देता येते. पथ्य एकच पाळायचे. घरे अशी का चालतात हे शास्त्र सांगते, ती अशीच चालावीत असे ते सांगत नाही. हा फरक बहुधा प्रस्तावनेतच दिलेला असतो, आणि प्रस्तावना कोणी वाचत नाही ही आपल्या दृष्टीने फार सोयीची गोष्ट आहे.

सुरुवात दर्जापासून करावी. राल्फ लिंटन या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने १९३६ साली असे मांडले की दर्जा म्हणजे हक्क आणि कर्तव्ये यांचा संच, आणि ते हक्क व ती कर्तव्ये माणूस प्रत्यक्ष व्यवहारात आणतो तेव्हा तो भूमिका पार पाडत असतो. या व्याख्येतले 'आणि' हे अव्यय अडचणीचे आहे. तिथेच वाक्य तोडावे. हक्कांचा विषय निघाला की आपल्या दर्जाबद्दल बोलावे, कर्तव्यांचा निघाला की भूमिकांबद्दल, आणि त्याही शक्यतो इतरांच्या. लिंटनने दर्जाचे अर्पित आणि अर्जित असे दोन प्रकार केले. पहिला जन्माने, वयाने किंवा लिंगाने पदरात पडतो, दुसरा कर्तृत्वाने मिळवावा लागतो. वादात या दोहोंची अदलाबदल मोकळेपणाने करावी. 'प्रत्येक वेळी शेवटचा शब्द तुमचाच का?' असे कोणी विचारले तर तो मान आपण कष्टाने कमावला आहे असे सांगावे, आणि 'कोणते कष्ट?' असा पुढचा प्रश्न आलाच तर घरातले मोठेपण कमवायचे नसते, ते असतेच, असे म्हणून उठून जावे. नेमके याच वेळी उठायला हरकत नाही.

यानंतर तुमचा खरा आधारस्तंभ येतो. टॅल्कॉट पार्सन्स आणि रॉबर्ट बेल्स यांनी १९५५ साली असे प्रतिपादन केले की कुटुंब ही लहानशी का होईना, एक व्यवस्था आहे, आणि ती टिकायची तर बाहेरच्या जगाशी व्यवहार करणारी साधनात्मक भूमिका एकाने आणि घरातली मने सांभाळणारी भावनिक भूमिका दुसऱ्याने पत्करावी लागते. पहिली नवऱ्याची, दुसरी बायकोची. हे वाचल्यावर मनावरचे केवढे ओझे उतरते! बाहेरून आलेल्या माणसाने पाय पसरून बसणे ही व्यवस्थेची गरज ठरते, आणि घरातल्या प्रत्येकाचा चेहरा पाहून आवाजाची पट्टी बदलणे ही दुसऱ्या कोणाची तरी उपजत देणगी. प्रौढ माणसाच्या व्यक्तिमत्त्वाला स्थैर्य देणे हे आधुनिक कुटुंबाचे एक प्रमुख कार्य आहे असेही पार्सन्स म्हणतो. कोणत्या प्रौढ माणसाच्या, असे विचारणाऱ्याला उद्धट समजावे. भूमिकांच्या या विभागणीमागे बेल्सची प्रयोगशाळेतली निरीक्षणे होती, छोट्या गटांना एखादा प्रश्न चर्चेला देऊन केलेली. चर्चा आटोपली की त्या गटांतली माणसे आपापल्या घरी जात, एकमेकांचे कपडे वाळत घालण्याची वेळ त्यांच्यावर येत नसे, हा तपशील सिद्धांत सांगताना गाळावा.

'सगळीकडे हे असेच असते' या वाक्याच्या पुष्टीसाठी जॉर्ज मर्डॉक हाताशी ठेवावा. त्याने १९४९ साली २५० समाजांची माहिती तपासून केंद्र कुटुंब, म्हणजे आईवडील आणि त्यांची मुले एवढेच कुटुंब, सार्वत्रिक असल्याचा निष्कर्ष काढला. पुढे कॅथलीन गॉफसारख्या अभ्यासकांनी त्याला न जुमानणारी उदाहरणे दाखवून दिली, पण आक्षेप नेहमी परिच्छेदाच्या शेवटी येतात आणि तोवर समोरची व्यक्ती उठून कामाला लागलेली असते.

कामाचा प्रश्न मात्र नुसत्या शब्दांवर भागत नाही. तिथे आकडे निघतात, आणि आकडे आपल्या बाजूचे नाहीत. अ‍ॅन ओकली यांनी लंडनमधल्या ४० गृहिणींच्या मुलाखती घेऊन, घरकाम हे इतर कोणत्याही कामासारखे काम आहे असे मानून त्याचे तास मोजले. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आठवड्याची सरासरी ७७ तास निघाली, कमीत कमी ४८ आणि जास्तीत जास्त १०५. त्यातली ४८ तासवाली बाई पूर्णवेळ नोकरीही करत होती. असला आकडा कोणी समोर ठेवला तर त्याच्याशी वाद घालू नये, तो अलगद प्रेमाच्या खात्यावर टाकावा. 'काम' हा शब्दच घरात रुळू देऊ नये. माया, हौस, सवय, 'तिला मेलं स्वस्थ बसवतच नाही' असे शब्द वापरावेत, कारण कामाला वेळ ठरलेली असते, सुट्टी असते, मोबदला असतो, आणि स्वभावाला यातले काहीच लागत नाही.

वाटणी करायची वेळ आलीच तर ती भौगोलिक करावी. आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८९ साली, नोकरी करणाऱ्या जोडप्यांविषयी लिहिताना, एका घरातला तोडगा नोंदवून ठेवला आहे. वरचा मजला बायकोचा, खालचा नवऱ्याचा. वरच्या मजल्यात स्वयंपाकघर, जेवणाची व बसायची खोली, झोपायच्या खोल्या, न्हाणीघरे. खालच्यात गॅरेज, म्हणजे नवऱ्याच्या छंदांची जागा. शिवाय कुत्र्याची जबाबदारी नवऱ्याने उचलली होती. याला दोघेही निम्मी-निम्मी वाटणी म्हणत, आणि तसे म्हणता यावे यासाठीच तो तोडगा निघाला होता. तुमच्या घराला दोन मजले नसतील तर खट्टू होऊ नये, वाटणी काळावर करावी. रोजची कामे एकीकडे आणि कधीतरीची दुसरीकडे. कधीतरीची कामे आपण घ्यावीत, कारण ती उठून दिसतात. रोजचे काम झालेले कोणाला दिसत नाही, ते फक्त राहिले तर दिसते. गेलेला बल्ब तुम्ही बदललात तर त्याची आठवण पुढचा बल्ब जाईपर्यंत पुरवून वापरता येते.

डोक्याने करायच्या कामाची गोष्ट याहून नाजूक आहे. अ‍ॅलिसन डॅमिंजर यांनी ३५ जोडप्यांच्या मुलाखतींवर आधारलेला जो अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध केला, त्यात या कामाचे चार टप्पे सांगितले आहेत: गरज आधीच ओळखणे, पर्याय शोधणे, निर्णय घेणे आणि पुढे सगळे नीट पार पडते आहे ना यावर लक्ष ठेवणे. पहिला आणि शेवटचा टप्पा प्रामुख्याने बायकांच्या वाट्याला येतो आणि निर्णयात मात्र दोघे सहभागी असतात, असे त्यांना आढळले. यावरून तुमची जागा कोणती ते उघड आहे. मुलाचे बूट आखूड होऊ लागलेत हे कोणाच्या तरी लक्षात येऊ द्यावे, दुकाने, मापे आणि किमती यांची चौकशी कोणाला तरी करू द्यावी, आणि दोन जोड समोर आले की वर्तमानपत्रावरून नजर किंचित उचलून 'हे बरे दिसतात' असे म्हणावे. बूट चावतात का हे आठवडाभर पाहणे हा चौथा टप्पा झाला, त्यात पडू नये. बूट दोघांनी मिळून घेतले असे मात्र खुशाल सांगावे, ते खोटेही ठरत नाही.

याच संदर्भात 'मला फक्त सांग, काय करायचे ते' या वाक्याची शिफारस करावीशी वाटते. त्यात तयारी दिसते, नम्रता दिसते, आणि पहिला, दुसरा व चौथा असे तिन्ही टप्पे जिथून आले तिथे परत जातात. तेवढेच गुणकारी दुसरे वाक्य म्हणजे 'हे कुठे ठेवू?' ते दर वेळी नव्याने विचारले पाहिजे. वस्तूची जागा एकदा पाठ झाली की ती जागेवर ठेवण्याची भूमिका हळूहळू अंगाला चिकटते, आणि चिकटलेली भूमिका सोडवणे किती कठीण असते याची खात्री घरातल्या दुसऱ्या कोणालाही विचारून करून घेता येईल. प्रस्तुत लेखक बारा वर्षे एकाच घरात राहूनही गाळणी कुठे असते हे शिकलेला नाही, आणि यात विसरभोळेपणाचा भाग फार थोडा आहे.

अज्ञानालाही शास्त्राचा आधार आहे. माणसे एखादी परिस्थिती खरी मानतात तेव्हा तिचे परिणाम खरे होतात, असे विल्यम आणि डोरोथी थॉमस यांनी १९२८ साली म्हटले, आणि त्याच सूत्रावरून रॉबर्ट मर्टनने १९४८ साली स्वतःला खरे ठरवणाऱ्या भाकिताची कल्पना मांडली. लोकरीचा एक स्वेटर गरम पाण्यात आटवावा, म्हणजे 'याला जमत नाही' असे भाकीत आपोआप होते. भाकीत झाले की पुन्हा कोणी करायला सांगत नाही, सांगत नाही म्हणून हात बसत नाही, आणि हात बसला नाही म्हणून भाकीत खरे ठरते. एका स्वेटरच्या बदल्यात जन्माची सोय होते.

मुलांच्या बाबतीत थोडे सावध राहावे लागते, कारण सामाजीकरण हे प्रकरण उपदेशाने कमी आणि पाहण्याने जास्त घडते. चार्ल्स कूली याने १९०२ साली असे सांगितले की इतरांच्या नजरेत आपण कसे दिसत असू आणि ते आपल्याबद्दल काय ठरवत असतील या कल्पनेतूनच माणसाची स्वतःविषयीची भावना तयार होते. हा आरसा घरातल्या थोरल्या अपत्यापुढे, त्यातही मुलगी असेल तर विशेष काळजीपूर्वक, धरावा. 'आमची ही फार समजूतदार' हे वाक्य तिच्या देखत, पाहुण्यांना उद्देशून, वर्षातून चार-सहा वेळा उच्चारले तर ती सहाव्या वर्षी धाकट्याला सांभाळू लागते आणि दहाव्या वर्षी तुम्हा दोघांना. धाकट्याला 'अजून लहान आहे' म्हणत राहावे, तो तिशीपर्यंत लहान राहतो. तो कोणाकडे पाहून शिकला, हा प्रश्न मात्र कोणाला सुचू देऊ नये.

मुलाचा आणखी एक उपयोग आहे. दोघांच्या नात्यात तिसरा आला की गणितच बदलते हे गेओर्ग झिमेलने १९०८ सालीच दाखवून दिले: हा तिसरा कधी मध्यस्थ होतो, कधी दोघांच्या भांडणात आपला लाभ करून घेतो, तर कधी मुद्दाम भांडण लावून देतो. तुम्ही त्याला पहिल्या कामावर नेमावे. 'आईला विचार, तिचा राग गेला का' असे म्हणून त्याला आत पाठवावे, म्हणजे माफी मागण्याची भूमिकाही दुसऱ्यावर सोपवता येते. तो आत जाऊन आपल्या खाऊचे काम आधी करून घेतो ही किंमत फारशी नाही.

पाहुणे आल्यावर काय करावे हे अर्व्हिंग गॉफमनच्या रंगमंचाच्या उपमेने १९५९ पासून सर्वांनाच ठाऊक आहे: प्रेक्षकांसमोर ट्रे तुमच्या हातात असावा, ट्रेवर जे आहे ते पडद्यामागे कोणी केले याची श्रेयनामावली नाटकाच्या शेवटी वाचायची नसते. आणि कोणी जुन्या मोठ्या कुटुंबांच्या आठवणी काढू लागले तर मनापासून उसासा टाकावा. पीटर लॅस्लेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडच्या जुन्या नोंदी चाळून तिथे सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्याच्या सुरुवातीपर्यंत घरटी सरासरी पावणेपाचच्या आसपासच माणसे होती असे काढले आहे, परंतु पावणेपाच माणसांच्या आठवणीने कोणाचा गळा दाटून येत नाही.

एवढे करूनही घरातली एखादी व्यक्ती दमल्याचे बोलून दाखवू लागली तर विल्यम गूड याचे १९६० सालचे प्रतिपादन सांगावे. सगळ्या भूमिका सगळ्यांचे समाधान होईल अशा निभावणे कोणालाच शक्य नसते, म्हणून भूमिकांचा ताण ही अपवादात्मक नव्हे तर नेहमीची स्थिती आहे, असे तो म्हणतो. त्याच लेखात त्याने पुढे असेही मांडले आहे की माणूस या ताणात सतत घासाघीस करत असतो आणि कोणती भूमिका किती निभावायची याचा सौदा करतो. सांगताना पहिल्या वाक्यावर थांबावे. दमलेल्या माणसाला आपला थकवा शास्त्रोक्त असल्याचे कळले की धीर येतो, निदान तो काही काळ गप्प तरी बसतो.

ही शांतता फार लांबली तर मात्र पुस्तक मिटून कान उघडे ठेवावेत. हेलन रोझ एबॉ यांनी १९८८ साली १८५ मुलाखतींच्या आधारे भूमिका सोडून जाण्याचे चार टप्पे दाखवले: आधी शंका येते, मग पर्यायांचा शोध सुरू होतो, मग एक वळण येते आणि शेवटी माणूस त्या भूमिकेचा 'माजी' होतो. पहिला टप्पा ओळखायची खूण सोपी आहे. कुरबुर थांबते, आणि एखाद्या संध्याकाळी कोणीतरी अगदी शांतपणे 'मी विचार करत होते' असे म्हणून वाक्य अर्धवट सोडते. अशा वेळी पार्सन्स उपयोगी पडत नाही, मर्डॉक तर मुळीच नाही. ताबडतोब खुर्चीतून उठावे, स्वतःचा कप उचलावा, तो नळाखाली धरून विसळावा, नळाचा आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत जाईल इतका वेळ विसळावा, आणि मग तो ओला कप हातात धरून दारात येऊन उभे राहावे व विचारावे, 'हा कुठे ठेवू?'